बुटाचा ठसा किती वेगळा असतो? ‘आर विरुद्ध टी’ (२०१०) या निकालाची समीक्षा

हे टिपण अभियांत्रिकी आणि विज्ञान शाखेच्या पदवी विद्यार्थ्यांसाठी आहे. कायदा किंवा न्यायसहायक विज्ञान शिकणाऱ्यांनाही ते उपयोगी पडेल. पूर्वतयारी म्हणून बारावीच्या पातळीची संभाव्यता आणि संयोगांची मोजणी पुरेशी आहे. कागद-पेन्सिल जवळ ठेवा, कारण मध्यावर एक छोटे गणित आहे आणि ते स्वतः करून पाहिल्याशिवाय मुद्दा पटणार नाही.

१. एक जुळलेला ठसा

काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयाच्या वसतिगृहात मोबाइल चोरीला गेला. खिडकीच्या कठड्यावरच्या धुळीत स्पोर्ट्स शूजचा स्पष्ट ठसा होता. तिसऱ्या वर्षाच्या एका मुलाचा बूट त्या ठशाशेजारी ठेवून पाहिला. नक्षी जुळली, लांबी जुळली. चौकशी समितीत मीही होतो, आणि जुळलेला ठसा पाहून मीही मान डोलावली. मुलगा एवढेच म्हणाला, “सर, हे बूट आमच्या मजल्यावर अर्ध्या पोरांकडे आहेत.” ते खरे होते. क्रीडास्पर्धेच्या वेळी मुलांनी एकाच दुकानातून, सवलतीत, एकत्र बूट घेतले होते. मोबाइल पुढे दुसरीकडेच सापडला. पण त्या मुलाकडे लोक बरेच दिवस वेगळ्या नजरेने पाहत राहिले.

आम्ही नेमकी चूक काय केली? ठसा जुळतो का, हा प्रश्न विचारला आणि तिथेच थांबलो. पुढचा प्रश्न होता: हा ठसा आणखी किती बुटांशी जुळला असता? खुनाच्या खटल्यातही हाच प्रश्न असतो, फक्त तिथे जन्मठेप पणाला लागलेली असते. इंग्लंडच्या अपील न्यायालयाने २०१० मध्ये ‘आर विरुद्ध टी’ या खटल्यात या प्रश्नाला हात घातला. त्या निकालावर संख्याशास्त्रज्ञ आणि वकील यांच्यात मोठा वाद झाला. माझे मत असे आहे की न्यायालयाने दुखणे बरोबर ओळखले, पण औषध चुकीचे दिले.

२. ठशात काय काय असते?

तळाच्या ठशात माहितीचे चार थर असतात.

पहिला थर नक्षीचा. तळ साच्यात तयार होतो. एकदा साचा कोरला की त्यातून हजारो तळ निघतात आणि नव्या अवस्थेत ते जवळजवळ सारखे असतात. आपल्याकडे आग्रा किंवा बहादुरगडसारख्या केंद्रांत तळ बनवणारा एक आणि बूट शिवणारा दुसरा, असे सर्रास असते. त्यामुळे एकाच नक्षीचा तळ वेगवेगळ्या नावांच्या बुटांखाली सापडू शकतो. खपणाऱ्या नक्षीची नक्कलही होते.

दुसरा थर आकाराचा. ब्रिटिश मापपद्धतीत एका नंबराचा फरक एक तृतीयांश इंच, म्हणजे सुमारे ८.५ मिलिमीटर असतो. अर्ध्या नंबराचा फरक त्याच्याही निम्मा. चालताना पाऊल घसरते, रबर दबते, मातीच्या कडा ढासळतात. त्यामुळे ठशाची लांबी मोजून अमुकच नंबर आहे असे ठामपणे सांगणे अवघड असते. दोन-तीन शेजारचे नंबर शक्यतेत राहतात.

तिसरा थर झिजेचा. टाचेची बाहेरची कड, चवड्याखालचा भाग, या जागा बहुतेकांच्या बुटांत झिजतात. झीज कमी-अधिक असते, पण तिचे ढोबळ प्रकार थोडेच आहेत. शिवाय ती थांबत नाही. गुन्ह्यानंतर दोन महिन्यांनी जप्त केलेला बूट दरम्यान दोन महिने चाललेला असू शकतो.

चौथा थर अपघाती खुणांचा. काचेने पडलेली चीर, खिळ्याचे भोक, उडालेला तुकडा, अडकलेला खडा. साच्यातून आलेले पहिले दोन थर हजारो बुटांत सारखे असतात. या खुणा मात्र त्या एका बुटाच्या वाटचालीतून येतात. ‘हाच तो बूट’ असे म्हणण्याचा सगळा आधार या चौथ्या थरावर असतो.

३. दोन खटले, दोन संख्या

चौथा थर नसेल तर ठसा निरुपयोगी ठरतो असे नाही. अमेरिकेतील ओ. जे. सिम्प्सन खटला आठवा. घटनास्थळी रक्ताळलेले बुटांचे ठसे होते. एफबीआयचे तज्ज्ञ विल्यम बोडझियाक यांनी ती नक्षी इटलीत बनलेल्या ब्रुनो माली कंपनीच्या १२ नंबरच्या बुटांची असल्याचे शोधले. त्या नंबराचे असे फक्त २९९ जोड अमेरिकेत विकले गेले होते. प्रत्यक्ष बूट कधीच सापडले नाहीत, त्यामुळे चीर किंवा भोक जुळवून पाहण्याचा प्रश्नच नव्हता. तरीही अवघ्या २९९ जोडांमुळे ठशाला मोठे वजन आले. १९९५ मध्ये फौजदारी खटल्यात सिम्प्सन सुटले. नंतरच्या दिवाणी खटल्यात मात्र त्यांनी तसेच बूट घातल्याची छायाचित्रे पुढे आली.

आता ‘आर विरुद्ध टी’. खुनाच्या जागी स्पोर्ट्स शूजचा ठसा मिळाला आणि आरोपीच्या घरी नायके कंपनीचा बूट मिळाला. नक्षी तीच. पण त्या नक्षीचे ७,८६,००० जोड १९९६ ते २००६ या काळात वितरित झाले होते. म्हणजे दोन्ही खटल्यांत ‘नक्षी जुळली’ हे वाक्य शब्दशः सारखेच, आणि त्याचे वजन जमीन-अस्मानाच्या फरकाचे. ठशाचे वेगळेपण बूट न्याहाळून कळत नाही. तसे दुसरे बूट किती आहेत हे मोजल्यावर कळते.

‘टी’च्या खटल्यातील तज्ज्ञाने हे वजन आकड्यात मांडण्याचा प्रयत्न केला. त्यासाठी त्याने जे गुणोत्तर वापरले त्याला लाइकलिहुड रेशो म्हणतात. अर्थ सोपा आहे. हा ठसा याच बुटाचा असेल तर एवढे साम्य दिसण्याची संभाव्यता वर लिहायची. तो दुसऱ्याच कुठल्या बुटाचा असेल तर एवढे साम्य दिसण्याची संभाव्यता खाली लिहायची. भागाकार जितका मोठा, तितका पुरावा वजनदार.

त्याचे आकडे असे होते. प्रयोगशाळेच्या संग्रहात ही नक्षी पाचात एक बुटावर आढळत होती, म्हणून ५. अकरा नंबरचे बूट सुमारे ३ टक्के होते, पण मापातील अनिश्चितता धरून त्याने दहात एक मानले, म्हणून १०. झीज पाहून असे निम्मे बूट वगळता येतील असा अंदाज केला, म्हणून २. अपघाती खुणांतून काहीच निष्पन्न होत नव्हते, म्हणून १. गुणाकार: ५ × १० × २ × १ = १००. ठरलेल्या मोजपट्टीनुसार शंभरचे शब्दांत रूपांतर झाले आणि अहवालात एवढेच उमटले की आरोपीच्या बुटाने ठसा उमटला या म्हणण्याला ‘मध्यम प्रमाणात वैज्ञानिक’ आधार मिळतो. आकडे अहवालात नव्हते. ज्युरीने ते पाहिलेच नाहीत.

अपील न्यायालयाने दोषसिद्धी रद्द केली. लॉर्ड जस्टिस थॉमस यांच्या खंडपीठाचे म्हणणे थोडक्यात असे: डीएनएसारख्या भक्कम आकडेवारी असलेल्या क्षेत्राबाहेर असे सूत्र वापरू नये. बुटांच्या ठशांसाठी तशी आकडेवारी नाही. तज्ज्ञाने आपल्या अनुभवावरून, उदाहरणार्थ ‘हा ठसा या बुटाचा असू शकतो’ असे मत द्यावे, आणि त्या मताला ‘वैज्ञानिक’ असे विशेषण लावू नये.

४. न्यायालयाचे काय बरोबर होते?

पहिली गोष्ट, पारदर्शकता. ज्या आकडेमोडीवर निष्कर्ष उभा आहे ती दाखवलीच नाही, तर प्रतिपक्षाने उलटतपासणी कशाची घ्यायची? तुम्ही प्रयोगवहीत नुसते उत्तर लिहून आणलेत आणि निरीक्षणांचा तक्ता लिहिलाच नाही, तर मी सही करणार नाही. न्यायालयानेही केली नाही.

दुसरी गोष्ट, आकडेवारीचा कच्चेपणा. पाचात एक हे प्रमाण प्रयोगशाळेत आलेल्या बुटांतले होते, साऱ्या देशातले नव्हते. फरक किती पडतो पाहा. ब्रिटनची लोकसंख्या सुमारे ६ कोटी. दहा वर्षांत वाटले गेलेले ७,८६,००० जोड सगळे वापरात आहेत आणि माणशी एकच जोड आहे, असे ढोबळ मानले तरी प्रमाण सुमारे १.३ टक्के येते, म्हणजे ७६ जणांत एक. पाचच्या जागी ७६ घातले की शंभरचे सुमारे १,५०० होतात. ठसा तोच, बूट तोच. तुलनेचा समूह बदलला आणि वजन पंधरा पट वाढले. यात कोणता समूह योग्य? संशयित ज्या वस्तीतले, ज्या वयाचे, त्या लोकांच्या पायांत काय आहे हे कळायला हवे. वसतिगृहातील आमच्या प्रकरणात देशाची आकडेवारी कुचकामी होती. तो मजला हाच तुलनेचा समूह होता.

तिसरी गोष्ट, गुणाकाराचा नियम. नक्षी, आकार आणि झीज या गोष्टी परस्परांपासून स्वतंत्र असतील तरच सरळ गुणाकार करता येतो. एखादी नक्षी मुख्यतः पुरुषांच्या बुटांवर येत असेल, तर त्या नक्षीत मोठे नंबर साहजिकच अधिक असणार. मग ‘दहात एक’ हे प्रमाण त्या नक्षीपुरते बदलायला हवे.

५. न्यायालयाचे काय चुकले?

आकडे कच्चे आहेत म्हणून आकड्यांनाच बंदी, हा न्यायालयाचा उपाय मला पटत नाही. ‘अनुभवावरून सांगतो’ असे म्हणणाऱ्या तज्ज्ञाच्या डोक्यातही एक संग्रहच असतो: आजवर पाहिलेले बूट. तो संग्रह लहान असेल, एकांगी असेल, आणि तो तपासता येत नाही. लिहिलेला आकडा चुकीचा असला तर चूक दाखवता येते. वरच्या परिच्छेदात आपण नेमके तेच केले. न लिहिलेल्या अनुभवाची चूक कशी दाखवणार?

‘असू शकतो’ हा शब्दप्रयोगही वाटतो तितका निरुपद्रवी नाही. २९९ जोडांपैकी एक ‘असू शकतो’ आणि ७,८६,००० पैकी एक ‘असू शकतो’, ही दोन्ही वाक्ये ऐकणाऱ्याला सारखीच वाटतात. सावधपणासाठी वापरलेला शब्द इथे सगळ्यात महत्त्वाची माहिती पुसून टाकतो. या निकालानंतर अनेक न्यायसहायक शास्त्रज्ञांनी आणि संख्याशास्त्रज्ञांनी नियतकालिकांतून जी टीका केली तिचा रोख हाच होता.

मात्र आकडा वापरायचा तर त्याचा अर्थही समजावून द्यावा लागतो. गुणोत्तर १०० आले म्हणजे आरोपी ९९ टक्के दोषी, असे मुळीच नाही. समजा, एखाद्या गावात गुन्हा करू शकले असते असे १०,००० लोक आहेत. शंभरात एकाचा बूट योगायोगाने जुळत असेल, तर गावात सुमारे १०० निर्दोष माणसांचे बूट जुळतील. दुसरा कोणताही पुरावा नसताना ठसा आपल्याला दहा हजारांतून शंभरांपर्यंत आणतो. ही मोठी मजल आहे, पण एका माणसापर्यंत तो पोहोचवत नाही. ‘निर्दोष असेल तर ठसा जुळण्याची शक्यता’ आणि ‘ठसा जुळला तर निर्दोष असण्याची शक्यता’ यांची गल्लत करणे ही न्यायालयातील सर्वांत महागडी गणिती चूक आहे.

६. ‘असा दुसरा बूट नाही’ या दाव्याचे गणित

अपघाती खुणा असल्या की तज्ज्ञ कधीकधी थेट म्हणतात, “जगात असा दुसरा बूट नाही.” यामागचे गणित असे मांडता येते. तळाचा ठसा १६,००० चौरस मिलिमीटरचा आहे आणि खूण १ मिलिमीटर बाजूच्या कोणत्याही चौकोनात पडू शकते असे समजा. तीन खुणांच्या जागा निवडण्याचे प्रकार १६,००० × १५,९९९ × १५,९९८ ÷ ६, म्हणजे सुमारे ६८,२५४ कोटी. पृथ्वीवरच्या माणसांपेक्षा कितीतरी अधिक! दावा सिद्ध झाला?

आता अभियंत्याच्या नजरेने पाहू.

अ) सहनमर्यादा. धुळीतल्या ठशात खुणेची जागा १ मिलिमीटरपर्यंत अचूक सांगता येत नाही. चौकोनाची बाजू ५ मिलिमीटर धरा. चौकोन उरले ६४०. प्रकार: ६४० × ६३९ × ६३८ ÷ ६ = ४,३४,८६,०८०. अडुसष्ट हजार कोटींचे साडेचार कोटींपेक्षाही कमी झाले.

आ) बुटावरच्या इतर खुणा. जुन्या बुटावर तीनच खुणा नसतात. समजा तीस आहेत. त्यांतल्या कोणत्याही तीन जुळल्या की परीक्षक ‘जुळले’ म्हणेल आणि उरलेल्या सत्तावीस ‘ठशात उमटल्या नाहीत’ असे म्हणून सोडून देईल. तीसातून तीन निवडण्याचे प्रकार ४,०६०. म्हणून योगायोगाची शक्यता सुमारे १०,७११ मध्ये एक.

इ) असमान वाटणी. खुणा तळभर सारख्या पडत नाहीत. जो भाग जमिनीला टेकतो तिथेच त्या पडतात. निम्माच भाग धरला, तर चौकोन ३२०, प्रकार ५४,१०,२४०, आणि शक्यता सुमारे १,३३३ मध्ये एक.

तीन साध्या, समंजस दुरुस्त्या केल्या आणि ६८,२५४ कोटींचे १,३३३ झाले. न्याय्य राहायचे तर उलट बाजूही सांगायला हवी. आपण खुणेची फक्त जागा मोजली. तिची लांबी, दिशा, वळण हेही जुळत असेल तर योगायोगाची शक्यता पुन्हा बरीच घटते. वाकडी, दोन फाटे फुटलेली एक चीर कधी दहा ठिपक्यांपेक्षा अधिक सांगते. मुद्दा असा की १,३३३ हेही अंतिम उत्तर नाही. गृहीतक थोडे हलवले की उत्तर कोट्यवधी पटींनी हलते, म्हणजे खरे उत्तर मोजमापातूनच यायला हवे.

अमेरिकेत राष्ट्राध्यक्षांच्या विज्ञान-तंत्रज्ञान सल्लागार परिषदेने २०१६ च्या अहवालात हेच सांगितले: अपघाती खुणांवरून विशिष्ट बूट ओळखण्याच्या पद्धतीला पुरेशा प्रायोगिक अभ्यासाचा आधार नाही. त्यानंतर २०२२ मध्ये प्रत्यक्ष परीक्षकांवरची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. तिच्यात एकाच ठशाबाबत वेगवेगळ्या परीक्षकांच्या निष्कर्षांत फरक पडल्याचे दिसले. दोन व्हर्नियर वेगळी मापे देत असतील तर आपण आधी उपकरणाची त्रुटी काढतो. माणूस हे उपकरण असले तरी नियम तोच.

७. आपल्याकडे काय?

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९५६ मध्येच, प्रीतम सिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात, पावलांच्या ठशांवरून ओळख पटवण्याचे शास्त्र प्राथमिक अवस्थेत असल्याचे म्हटले. असा पुरावा इतर परिस्थितीजन्य पुराव्यांबरोबर वापरता येईल, पण एकट्याच्या बळावर शिक्षा देता येणार नाही. पुढे १९९७ च्या मोहम्मद अमान विरुद्ध राजस्थान राज्य या निकालातही तोच सूर आहे: इतर पुराव्यांवरून काढलेल्या निष्कर्षाला बळकटी देण्यापुरताच त्याचा उपयोग करावा.

ही सावधगिरी योग्यच आहे. पण तिच्यात एक फट राहते. ‘फक्त बळकटी’ म्हटल्यावर ती बळकटी किती, हे कोणी विचारत नाही. टेकू म्हणून लावलेल्या खांबाचीही भारक्षमता काढावी लागते. तो मुख्य खांब नाही, हे कारण पुरत नाही. आणि निष्कर्ष आधी, ठसा नंतर, असा क्रम लागला की परीक्षकालाही कोणाचा बूट जुळायला हवा आहे ते आधीच ठाऊक असते. आमच्या चौकशी समितीत हेच झाले होते. त्या मुलावर संशय आधी होता, ठसा मागाहून आला.

हा प्रश्न आता अधिक निकडीचा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६ मध्ये, सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावे गोळा करावेत अशी तरतूद आहे. राज्यांना ती टप्प्याटप्प्याने लागू करायची आहे. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ३९ ने तज्ज्ञांच्या मताची व्याप्ती ‘अन्य कोणत्याही क्षेत्रा’पर्यंत नेली आहे. म्हणजे ठसे अधिक गोळा होणार, मते अधिक नोंदवली जाणार. पण आपल्या बाजारात कोणती नक्षी किती खपते याचा सार्वजनिक संग्रह नसेल, तर ‘जुळला’ या शब्दाचे वजन ठरवायचे कशावर? असा संग्रह उभा करणे हे वकिलांचे काम नाही. साचे, रबर, प्रतिमाप्रक्रिया आणि संख्याशास्त्र शिकणाऱ्यांचे, म्हणजे तुमचे ते काम आहे.

८. सारांश

बुटाचा ठसा कधी फार काही सांगतो, कधी जवळजवळ काहीच सांगत नाही. बूट वगळण्यासाठी तो उत्तम आहे. नक्षीच वेगळी असेल तर त्या बुटाचा प्रश्न मिटतो. बूट निश्चित करण्यासाठी मात्र ‘जुळला’ एवढे पुरत नाही. कोणत्या थरावर जुळला, कोणत्या समूहात तसे किती बूट आहेत, आणि न जुळलेल्या खुणांचे काय केले, ही तीन उत्तरे अहवालात लिहिलेली हवीत. ‘टी’च्या खटल्यात ती लिहिली नव्हती, हा दोष न्यायालयाने अचूक पकडला. ती लिहायला लावण्याऐवजी न लिहिण्याची मुभा दिली, ही माझी तक्रार आहे.

विचार करण्यासाठी प्रश्न

१. विभाग ६ मधील गणित चार खुणांसाठी पुन्हा करा. (अ), (आ), (इ) यांपैकी कोणत्या दुरुस्तीने उत्तर सर्वाधिक बदलते?

२. तुमच्या वर्गातील सर्वांच्या बुटांच्या तळांची छायाचित्रे घेऊन नक्षीनुसार गट पाडा. सर्वांत मोठ्या गटाचे प्रमाण किती? हेच प्रमाण तुमच्या शहराला लागू करता येईल का? का नाही?

३. ‘हा ठसा आरोपीच्या बुटाचा असू शकतो’ या वाक्यावर बचाव पक्षाचा वकील म्हणून तुम्ही तज्ज्ञाला कोणते तीन प्रश्न विचाराल?